तालुक्याच्या बाजारपेठेला सुपरमार्केट पेलेल काय?

एखाद्या मोठ्या कंपनीची माणसे जुन्या जिनिंगच्या आवाराची मोजणी करून गेली, अशी वार्ता तालुक्याच्या गावी पसरली की बाजारपेठेत लगेच दोन मते तयार होतात. गाव आता वाढले आहे, लोकांना एका छपराखाली सारा माल हवा आहे, तेव्हा सुपरमार्केट आले तर चालणारच, असे काही जण म्हणतात. इतरांना वाटते की ते आले म्हणजे किराण्याची, कापडाची दुकाने बसलीच म्हणून समजा. दोन्ही मतांत भावना अधिक आणि हिशेब थोडा असतो. व्यापारी कुटुंबांनी तरी या प्रश्नाकडे आधी रोकड-खतावणीच्या नजरेने पाहिले पाहिजे. गावातल्या लोकांची वर्षभराची खरेदी किती, नव्या दुकानाला तगून राहण्यासाठी त्यातला किती वाटा लागेल आणि तो वाटा कोणाच्या गल्ल्यातून जाईल, या तीन गोष्टी समजल्या म्हणजे भीतीही आटोक्यात येते आणि हुरूपही.

जिल्ह्याचे चित्र

२०११ च्या जनगणनेप्रमाणे यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती. सोळा तालुक्यांच्या या विस्तीर्ण जिल्ह्यात शहरी वस्ती जेमतेम एक पंचमांशाहून थोडी अधिक आहे. लाखाची वेस ओलांडलेले शहर एकच, ते म्हणजे यवतमाळ. त्यानंतर पुसद (७३,०४६) आणि वणी (५८,८४०). दिग्रस, उमरखेड, दारव्हा, पांढरकवडा ही गावे त्यांच्याही खाली आहेत, तर मारेगाव, झरी-जामणी, राळेगाव यांसारख्या तालुक्यांची मुख्य गावे लहान पेठाच आहेत.

केवळ डोकी मोजून मात्र बाजारपेठ कळत नाही. वणीला कोळशाच्या खाणी आहेत. खाणीतल्या कामगाराचा पगार बारा महिने खात्यात जमा होतो, पाऊस पडो वा न पडो. पुसदची वस्ती अधिक, शिक्षणसंस्था मोठ्या आणि भोवतालच्या खेड्यांचा पसाराही मोठा. पण तिथल्या बाजाराची नाडी कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्याशी बांधलेली आहे. नागपूर-तुळजापूर महामार्गावरील कळंब, आर्णी, महागाव ही गावे आता रस्त्याने जवळ आली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-कळंब हा रेल्वेमार्गही सुरू झाला. वाहतूक सुधारली की बाहेरचा माल गावात येणे सोपे होते. त्याच रस्त्याने गावचे गिऱ्हाईकही अमरावती-नागपूरला जाऊ लागते. सणाची मोठी खरेदी आधीच शहरात होत असेल, तर स्थानिक व्यापाऱ्याची स्पर्धा नव्या दुकानाच्या आधीच सुरू झालेली असते.

मागणीचा अंदाज

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीनुसार देशात दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात सरासरी ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये आहे. त्यात खाद्यपदार्थांचा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४७ टक्के, तर शहरी भागात सुमारे ४० टक्के भरतो. खाद्यपदार्थांचा हा सगळा पैसा किराणा दुकानात येत नाही. दूध गवळ्याकडून किंवा डेअरीतून, भाजी आठवडी बाजारातून येते आणि चहा-नाश्ता बाहेर होतो. गरीब कुटुंबांना अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते, म्हणून गहू-तांदळाचा मोठा भाग खुल्या बाजारात विकतच घेतला जात नाही. शेतकऱ्याच्या घरी ज्वारी, तूर, हरभरा शेतातलाच असतो.

ही सारी वजाबाकी करून, सत्तर हजार वस्तीच्या गावात दरडोई मासिक १,३०० रुपयांची किराणा व दैनंदिन वापराच्या वस्तूंची खरेदी धरली, तर ती महिन्याला ९ कोटी १० लाख रुपये होते. भोवतालच्या खेड्यांतील आणखी ऐंशी हजार लोक दरडोई ५०० रुपयांची खरेदी या गावी येऊन करतात असे धरले, तर त्यात ४ कोटींची भर पडते. एकूण महिना १३ कोटी, वर्षाला सुमारे १५७ कोटी रुपये. हे आकडे गृहीतांवर आधारलेले आहेत. प्रत्येक गावाने आपल्या माहितीप्रमाणे ते कमीजास्त करावेत. हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

कोणत्या आकाराचे दुकान?

‘सुपरमार्केट’ हा शब्द एकच असला, तरी त्यामागचे धंदे वेगवेगळे असतात. डी-मार्टचे पहिले दुकान २००२ मध्ये मुंबईत पवईला सुरू झाले. मार्च २०२४ अखेर या कंपनीची ३६५ दुकाने होती आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे दीड कोटी चौरस फूट होते; म्हणजे एक दुकान सरासरी ४१ हजार चौरस फुटांचे. त्या वर्षी दर चौरस फुटामागे ३२,९४१ रुपयांची विक्री झाली. या हिशेबाने एका सरासरी दुकानाची वार्षिक विक्री १३५ कोटींच्या घरात जाते. त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश वाटा खाद्यपदार्थ आणि साबण-पेस्टसारख्या वस्तूंचा असतो, म्हणजे साधारण १०० कोटी. वर सांगितलेल्या गावाची सगळी किराणा खरेदीच १५७ कोटींची. एका दुकानाने त्यातला दोन-तृतीयांश भाग ओढावा, हे घडणारे नाही. शहराच्या सरासरीचे हे दुकान तालुक्याच्या गावाला पेलणार नाही. कंपनी आली तर लहान आकाराने आणि कमी विक्रीच्या तयारीनेच येईल.

विशाल मेगा मार्टची रीत निराळी आहे. सप्टेंबर २०२४ अखेर तिची ४१४ शहरांत ६४५ दुकाने होती आणि त्यांतील बहुसंख्य मध्यम व लहान शहरांत होती. सरासरी क्षेत्रफळ १८ हजार चौरस फुटांहून थोडे कमी. २०२३-२४ या वर्षातील एकूण उलाढाल सुमारे ८,९१२ कोटी; दर दुकानामागे ढोबळमानाने १४ कोटींच्या पुढे. या उलाढालीत तयार कपड्यांचा वाटा ४४ टक्के, भांडी-खेळणी-गृहोपयोगी वस्तूंचा २८ टक्के आणि दैनंदिन किराणा मालाचा फक्त २७ टक्के होता. याचा अर्थ असा, की अशा एका दुकानात किराणा वर्षाला जेमतेम चार कोटींचा विकला जातो, तर कपडे सहा कोटींहून अधिक रकमेचे. गावात नव्या दुकानाची चर्चा निघाली की किराणा व्यापारी अस्वस्थ होतात आणि कापडवाले निर्धास्त राहतात. आकडे पाहता अधिक सावध कापडवाल्यांनीच राहायला हवे. लहान गावातील साखळी दुकान किराण्यावर गिऱ्हाईक जमवते आणि नफा बहुधा कपड्यांवर व घरगुती वस्तूंवर मिळवते.

दुकान तगण्याचा हिशेब

आता केवळ किराण्याचे, दहा हजार चौरस फुटांचे लहान सुपरमार्केट घेऊ. दरमहा भाडे अडीच लाख, पगार चार लाख, वीज दीड लाख, फर्निचर-फ्रीजचे हप्ते आणि घसारा दोन लाख. एकूण स्थिर खर्च दहा लाख रुपये. ढोबळ नफा पंधरा टक्के धरला आणि वाहतूक, नासधूस, चोरी, जाहिरात यांसाठी तीन टक्के वजा केले, तर हातात बारा टक्के उरतात. दहा लाखांचा खर्च भागायला महिन्याला सुमारे ८३ लाखांची विक्री झाली पाहिजे. १३ कोटींच्या बाजारात हा वाटा साडेसहा टक्क्यांहून कमी आहे. तेव्हा पुसद किंवा वणीसारख्या गावी असे एक दुकान चालू शकते, हे मान्य करणेच प्रामाणिकपणाचे ठरेल. दुसरे आले तर मात्र दोघांनाही काठावर उभे राहावे लागेल. याहून लहान गावांत पहिल्यालाही तोच अनुभव येईल.

या हिशेबात एक मोठी मेख आहे. ८३ लाख ही दर महिन्याची गरज आहे आणि यवतमाळची मिळकत दर महिन्याला येत नाही. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते, कापसाची वेचणी त्यानंतर अनेक आठवडे चालते, तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते. या काळात बाजारात पैसा खेळतो. जून उजाडला की तोच पैसा बियाणे, खते आणि शाळेची फी यांत जातो. आषाढ-श्रावणात शेतकऱ्याच्या हाती रोकड नसते. सहा महिने सव्वा कोटींची विक्री करणारे दुकान पावसाळ्यात साठ-सत्तर लाखांवर उतरले, तरी त्याचे भाडे, पगार आणि वीजबिल उतरत नाही. अलीकडे परिस्थितीत थोडा फरक पडला आहे. जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये स्त्रियांच्या खात्यात येऊ लागले. आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी थेट रक्कम मिळू लागली. घरातील स्त्रीच्या हाती ठरावीक रक्कम नियमित येऊ लागली, की रोखीची लहान खरेदी वाढते. सुपरमार्केटवाल्यांची नजर नेमकी याच पैशावर आहे आणि किराणा व्यापाऱ्यानेही ती ठेवायला हवी.

वारणेचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या वारणानगरच्या सहकारी समूहात ‘वारणा बाजार’ हे ग्राहक भांडार ग्रामीण भागात असूनही नावारूपाला आले. त्यामागे व्यवस्थापन होते, सभासदांची आपुलकी होती. त्याचबरोबर ऊस आणि दूध यांचा पैसाही होता. दुधाचे बिल ठरावीक दिवसांनी सतत येत राहते. कोरडवाहू कापसाच्या मुलखात पैशाची ही लय नाही. म्हणून कोल्हापूर जिल्ह्यात जे रुजले, ते जसेच्या तसे यवतमाळात रुजेल असे धरून चालता येत नाही.

आले आणि गेले

ग्रामीण भागातील मोठ्या दुकानांचा इतिहास पाहिला, तर सारेच टिकले असे नाही. आयटीसी कंपनीने २००४ मध्ये मध्य प्रदेशातील सिहोर येथे ‘चौपाल सागर’ सुरू केले. शेतकऱ्याने धान्य विकावे आणि त्याच आवारात खरेदी करावी, अशी ती योजना होती. पुढे मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांत ती केंद्रे उघडली. पण गावोगावी ती पसरली नाहीत. डीसीएम श्रीराम समूहाने ‘हरियाली किसान बाजार’ही याच सुमारास काढला आणि दशकभरात आवरता घेतला. चेन्नईची ‘सुभिक्षा’ १९९७ मध्ये सुरू होऊन सुमारे १,६०० दुकानांपर्यंत पोचली आणि २००९ च्या आरंभी कोसळली. कर्जाच्या आधारे वेगाने विस्तार झाला, माल भरायला पैसा उरला नाही, फळ्या रिकाम्या पडल्या. ‘बिग बझार’ घराघरांत पोचलेले नाव होते; त्याची मालक कंपनीही २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली.

परदेशातही हाच प्रश्न येऊन गेला आहे. सॅम वॉल्टन यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत आर्कान्सा राज्यातील रॉजर्स या छोट्या गावी पहिले वॉलमार्ट उघडले आणि पुढे लहान गावांवरच भर दिला. आयोवा स्टेट विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ केनेथ स्टोन यांनी अशा गावांचा अभ्यास केला. वॉलमार्ट जे विकत होते तेच विकणाऱ्या दुकानांचा धंदा घटला. वॉलमार्टमध्ये न मिळणाऱ्या वस्तू वा सेवा देणाऱ्यांना मात्र गावात आलेल्या जादा गिऱ्हाइकाचा लाभ झाला, असे त्यांना आढळले. तिकडे माणूस मोटार घेऊन दूरवरून महिन्याचा माल भरतो. आपल्याकडे खेड्यातील गिऱ्हाईक एसटीने येते, दोन पिशव्या घेऊन परतते आणि गाडीची वेळ पाहून खरेदी उरकते. बसस्थानकाजवळच्या दुकानाचे मोल त्यामुळेच टिकून आहे.

कोणाच्या गल्ल्यातून?

अशा गावात अडीचशे किराणा दुकाने आहेत असे धरले, तर प्रत्येकाची सरासरी मासिक विक्री सव्वापाच लाख होते. ८३ लाखांची विक्री म्हणजे सुमारे सोळा दुकानांचा धंदा. तो सर्वांकडून सारखा जाणार नाही. कोपऱ्यावरच्या लहान दुकानातील पाच-दहा रुपयांच्या पुड्या सुपरमार्केट घेऊन जात नाही. मजुराची रोजची खरेदीही तिकडे वळत नाही. वळतो तो शिक्षक, कर्मचारी, खाणकामगार, डॉक्टर यांचा महिन्याचा एकगठ्ठा किराणा, जो रोखीचा आणि चांगल्या नफ्याचा असतो. मुख्य पेठेतील मध्यम दुकानदाराकडे मग उधारीचे गिऱ्हाईक तेवढे शिल्लक राहते.

उधारीची किंमत अनेक दुकानांत कधी मांडलीच जात नाही. महिन्याला पाच लाखांच्या विक्रीपैकी दोन लाख उधारीवर गेले आणि ते सरासरी चार महिन्यांनी वसूल झाले, तर आठ लाख रुपये कायम अडकलेले असतात. बारा टक्के दराने त्यावरील व्याज वर्षाला ९६ हजार, म्हणजे महिन्याला आठ हजार रुपये. बुडीत निघालेली रक्कम वेगळीच. रोखीचे गिऱ्हाईक आहे तोवर हा भार सोसता येतो. ते निघून गेल्यावर उधारी हीच दुकानाला बुडवते. तरीही उधारी सरसकट बंद करणे योग्य नाही. पेरणीच्या दिवसांत घर चालवायला तेल-मीठ देणारा दुकानदार कापूस विकल्यावर आठवतो, आणि कोणतेही साखळी दुकान ही सोय देत नाही. मर्यादा ठरवून, माणूस पाहून, वहीत स्वच्छ नोंद करून दिलेली उधारी ही व्यापाऱ्याची ताकदच असते.

एकाच घराचे दोन हितसंबंध

व्यापारी कुटुंबांची खरी अडचण पुढेच आहे. तालुक्याच्या पेठेत किराणा दुकान, कापडाची पेढी, कंपन्यांची एजन्सी आणि मोक्याची जागा या चारही गोष्टी बहुधा थोड्या घराण्यांच्या हाती असतात. नव्या सुपरमार्केटला जागा लागते आणि ती देणाराही याच समाजातला असतो. एका भावाला भाड्याचे अडीच लाख दिसत असतात, तर दुसऱ्याच्या दुकानातील गिऱ्हाईक त्याच इमारतीत जाणार असते. हा प्रश्न बैठकीत मोकळेपणाने बोलला गेला नाही, तर वाटणीच्या वेळी तो कटू होऊन बाहेर येतो.

भाडेकराराचा मोहही तपासून घ्यावा. दहा हजार चौरस फुटांची इमारत १,८०० रुपये दराने बांधली, तर १ कोटी ८० लाख लागतात. त्यासाठी सव्वा कोटीचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख ६५ हजार होतो. भाडे अडीच लाख आहे, म्हणून सौदा सोपा वाटतो. परंतु अशा करारांत पुष्कळदा मालक नऊ-दहा वर्षे बांधलेला असतो आणि भाडेकरू मात्र तीन वर्षांनंतर नोटीस देऊन जाऊ शकतो. दुकान चालले नाही, कंपनी निघून गेली, तर हप्ता सात वर्षे उरतो आणि एवढा मोठा गाळा घेणारा दुसरा भाडेकरू तालुक्याला मिळत नाही. म्हणून भाडेकरू किती काळ बांधलेला आहे, अनामत किती, इमारत पुढे लहान गाळ्यांत विभागता येईल का, या तीन कलमांची खात्री सही करण्यापूर्वी करून घ्यावी.

करण्याजोगे काय?

घाबरून मोर्चे काढण्याने दुकान थांबत नाही आणि डोळे मिटून बसण्यानेही ते टळत नाही. हाती असलेले उपाय साधे आहेत. पहिला उपाय खरेदीचा. एकेकटा दुकानदार जो भाव मिळवतो, त्याहून बरा भाव दहा-बारा जणांनी एकत्र घेतल्यास मिळतो. १९४८ मध्ये मुंबईच्या गिरणगावात उभा राहिलेला ‘अपना बाजार’ एकत्र खरेदीच्याच तत्त्वावर वाढला. अमरावतीत वॉलमार्टने व्यापाऱ्यांसाठी ‘बेस्ट प्राइस’ हे ठोक दुकान उघडले, तेव्हा अशा ठिकाणचे भाव आपल्या एजन्सीच्या भावाशी ताडून पाहण्याची संधी चिल्लर दुकानदारांना मिळाली. भावातील ही तफावत वितरकांनाही जाणवते. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातील वितरकांनी मोठ्या खरेदीदारांना मिळणाऱ्या वेगळ्या दरांच्या निषेधार्थ कोलगेटचा पुरवठा रोखला होता. संघटित व्यापाऱ्याचे म्हणणे कंपन्या ऐकून घेतात.

दुसरा उपाय हिशेबाचा. संगणकावर बिल, मुदत संपत आलेल्या मालाची वेळीच छाननी, कोणता माल किती दिवसांत विकतो याची नोंद. दीड कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला जीएसटीतील एक टक्क्याची कंपोझिशन योजना परवडते का, हेही दरवर्षी सल्लागाराकडून तपासून घ्यावे. तिसरा उपाय सेवेचा. घरपोच माल, निवडलेले धान्य, गावचे तिखट-मसाले, चातुर्मासात आणि पर्युषणात घराघरांत बदलणाऱ्या गरजांची जाण, या गोष्टी दूरच्या कार्यालयातून माल पाठवणाऱ्याला जमत नाहीत. चौथा उपाय विश्वासाचा. हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त सद्‌गृहस्थाचे जे पस्तीस गुण सांगितले, त्यांत पहिला न्यायसंपन्न वैभवाचा आहे. सुपरमार्केटच्या बंद पाकिटावर वजन छापलेले असते. सुट्या मालाच्या दुकानात ते दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून असते. तो शब्द खरा आहे, ही खात्री गिऱ्हाइकाला सतत पटत राहिली पाहिजे.

एकंदर विचार करता, यवतमाळ शहराला अशी दुकाने पेलतात. पुसद आणि वणी यांना योग्य आकाराचे एखादे पेलेल. दिग्रस-उमरखेडला फार जपून पावले टाकावी लागतील, आणि त्याखालच्या पेठांत कंपनीचे दुकान आले तरी त्याचे पाय स्थिरावणे कठीण. परंतु दुकान तीन वर्षांत बंद पडले, तरी त्या तीन वर्षांत पेठेतील दहा-पंधरा मध्यम दुकाने मिटलेली असू शकतात आणि ती पुन्हा उघडत नाहीत. कंपनीसाठी तो एका शाखेचा तोटा असतो, तर दुकानदाराच्या घरी मुलाचा मार्ग बदलतो. म्हणून वार्ता येण्याची वाट न पाहता, या दिवाळीच्या वहीपूजनाआधी घरातील दोन पिढ्यांनी एकत्र बसून आपल्या दुकानातील रोखीचे गिऱ्हाईक किती, उधारी किती आणि व्याज वजा जाता नफा किती, हे एकदा कागदावर मांडावे. दुकान पुढे चालवायचे, बदलायचे की जागा भाड्याने द्यायची, हा निर्णय त्या कागदाच्या आधारे घेता येईल.